मानस

राग आधी अंगात कुठे येतो?
डॉ. ईव्हेट मास्कारेन्हस विचारतात.
डोक्यात, मी म्हणतो, अजून कुठे?
त्या वाट बघतात.
बांबोळीच्या या खोलीत घड्याळ माझ्या पाठीमागे आहे,
वेळ त्यांना दिसते, मला नाही.

मग खरं सांगतो : तळव्यांत.
आधी तळवे कोमट होतात,
मग कोणीतरी माझ्याच आवाजात बोलायला लागतं.

ऑफिसात दाताचं कारण दिलंय.
चार गुरुवार झाले.
एका माणसाला दात असतात तरी किती, परेरा विचारतो.

घरी फ्रिजच्या दाराला खोक आहे, माझ्या मुठीच्या मापाची.
संज्योतने तिच्यावर गॅसवाल्याचं कॅलेंडर चिकटवलं.
ती दर महिन्याला पान उलटते,
खोक तीच.
आणि उर्वी, स्कूटर फाटकाशी आली
की टीव्हीचा आवाज कमी करायची.
मी त्याला संस्कार समजायचो.

डॉक्टरांनी वही दिली. रागाला शून्य ते दहा आकडा द्यायचा.
हे मला जमतं. वीज खात्यात एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या घरातले आकडेच टिपतोय,
कुत्रा कुठे बांधलाय ते पाहून.

सोमवार, सात. हुमणात मीठ नव्हतं.
मंगळवार, तीन. कोणी काही बोललं नाही.
बुधवार, नऊ. कोणीच काही बोललं नाही.

बाहेर पाटीवर लिहिलंय, मानसोपचार.
पहिल्या दिवशी मी ते आडपईच्या माणसासारखं वाचलं
आणि रांगेत एकटाच हसलो.
आमच्याकडे मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बसवलेलं.
भरती ढकलते, ते मिटतं.
ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला उघडतं.
कोणी जोर लावायचा नसतो.
माणसाने फक्त बांध फिरून बघायचा,
खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने बुजवायची,
वेळेवर.

बाबा ते करायचे.
अमावास्येच्या उधाणात, कंदील घेऊन, अर्ध्या रात्री.
अख्ख्या बांधावर करंगळीएवढं भोक त्यांना दिसायचं.
आणि परत आल्यावर पेज गार असली
तर भांडं कुठे जाऊन आपटेल
ते आईला आधीच कळायचं,
ती मला बाजूला ओढायची.

हे मी चौथ्या गुरुवारी सांगितलं, कोंकणीत.
लिहितो मराठीत, शाळेने तीच लिहायला शिकवली,
पण ते भांडं कोंकणीतच वाजलं होतं.
डॉक्टर काही म्हणाल्या नाहीत.
पेल्यातलं पाणी माझ्याकडे सरकवलं.
बाबांवर रागावलो नाही मी. म्हणजे, आकडा नाही लिहिला.
ते पान कोरं आहे.

एकदा बांध फुटला होता, मी सहावीत असताना.
पाणी दोन दिवसांत उतरलं. मीठ राहिलं.
तीन वर्षं त्या खाजनात भात धरला नाही,
आणि बाबा रोज सकाळी जाऊन उभे राहायचे,
जसं काही ते पाहिल्याने लवकर धुऊन जाईल.
मलाही वाटतं, चार गुरुवार म्हणजे खूप झाले.

काल उर्वीच्या हातून काचेची बरणी पडली,
तोरांचं लोणचं, फरशीभर.
ती हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली.
तळवे कोमट झाले.
मी मागच्या दाराने बाहेर गेलो, माडाला पाठ लावून उभा राहिलो,
श्वास मोजायचे होते, ते विसरलो,
शेजारच्या मीटरची चकती फिरताना बघत राहिलो.

आत आलो तर दोघी काचा वेचत होत्या.
मीही बसलो.
किती? उर्वीने खाली बघतच विचारलं.
वही तिने वाचलीय, हे मला तेव्हा कळलं.
सहा, मी म्हणालो. मग म्हणालो, आठ.

संध्याकाळी मी स्कूटरने पाव आणायला गेलो.
परत आलो तेव्हा टीव्ही चालू होता.
फाटकाशी इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलो.
आवाज वाढला नाही.
कमीही झाला नाही.